ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स तापतो म्हणजे नेमकं काय होतं?

राज्यात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या जुन्या गाड्यांची आपोआपच मोजदाद झाली. नऊ निघाल्या. त्यातल्या चार ऑटोमॅटिक. एक जोशीकाकूंची, गुडघे दुखतात म्हणून मुलाने घेऊन दिलेली. एक सेकंडहँड. बाकी दोन हौसेच्या. चौघांनाही मी विचारलं, गिअरबॉक्सचं ऑइल शेवटचं कधी बदललं? तिघांनी इंजिन ऑइलची तारीख सांगितली. चौथे म्हणाले, "ते बदलायचं नसतं. लाइफटाइम असतं."

हेच उत्तर मीही आठ वर्षं देत होतो. सर्व्हिसिंगला नेत होतो तिथे मला तसंच सांगितलं होतं आणि मी पुन्हा विचारलं नाही. मग एका मे महिन्यात, पुण्याहून साताऱ्याला जाताना, खंबाटकीच्या चढावर ट्रकच्या रांगेत अडकलो. एसी चालू, गाडीत चार माणसं, डिकी भरलेली. अर्धा घाट चढलो असेन, तर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा साडेचार हजारावर जायचा आणि गाडी होती त्याच वेगात. मग वास आला. तव्यावर पोळी करपावी तसा. मी इंजिनच्या तापमानाचा काटा पाहिला, तो मधोमध, अगदी शांत. म्हटलं, पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा वास असेल.

तो काटा इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटचं तापमान दाखवतो. गिअरबॉक्स किती तापलाय हे दाखवणारा काटा आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत नसतोच.

क्लच नाही, मग मधे काय आहे?

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी आणि तोडणारी वस्तू म्हणजे क्लच. ऑटोमॅटिकमध्ये पायाखाली क्लच नाही, तरी सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं की इंजिन बंद पडत नाही. हे कसं?

घरातले दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक लावा, दुसरा बंद ठेवा. पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती हळूहळू फिरू लागतील. दुसऱ्याची पाती हाताने धरली तरी पहिला फिरतच राहील. ऑटोमॅटिकमध्ये नेमकी हीच रचना एका बंद डब्यात असते, फक्त हवेच्या जागी ऑइल असतं. इंजिनाला जोडलेला पंखा ऑइल ढकलतो, त्या ऑइलने गिअरबॉक्सला जोडलेला पंखा फिरतो. या डब्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. ब्रेक दाबला की दुसरा पंखा थांबतो, पहिला ऑइल घुसळत राहतो.

आणि घुसळलं की तापतं. दोन पंख्यांच्या वेगात जितका फरक, तितकी इंजिनाची ताकद चाकांकडे न जाता ऑइल तापवण्यात खर्च होते. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना बहुतेक गाड्यांत आत एक छोटा क्लच दोन्ही पंख्यांना एकत्र बांधून टाकतो, मग घुसळण थांबते. ऐंशीच्या वेगाने निवांत चाललेल्या गाडीचा गिअरबॉक्स म्हणूनच फार तापत नाही. तो तापतो तो चढावर, दहा-पंधराच्या वेगाने, भरल्या गाडीत. म्हणजे खंबाटकीत, सुट्टीच्या दिवशी बोरघाटात, आणि चढ नसतानाही रोज संध्याकाळी हिंजवडीत किंवा घोडबंदर रोडवर.

एकाच ऑइलला पाच कामं

इंजिन ऑइल मुख्यतः वंगणाचं काम करतं. गिअरबॉक्समधल्या ऑइलचं तसं नाही. ते पंख्यातून ताकद पोहोचवतं. ते दाबाने वाल्व्हमधून जाऊन गिअर बदलतं. आतल्या क्लच प्लेटा त्यातच बुडालेल्या असतात, त्या घट्ट धरतील की घसरतील हे त्याच्यावर ठरतं. वंगणही तेच आणि उष्णता बाहेर वाहून नेणारंही तेच. यापुढे मी त्याला नुसतं ऑइल म्हणणार आहे. दुकानात मात्र एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, मागायचं.

यातलं क्लच प्लेटांचं काम सर्वांत नाजूक. प्लेटांवर कागदासारख्या तंतूंचा थर असतो. ऑइल फार निसरडं असेल तर प्लेटा घसरतात, पुरेसं निसरडं नसेल तर गाडी गचके देते. हा तोल साधणं किती अवघड आहे याची एक गोष्ट मला नेहमी आठवते. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या ऑइलमध्ये स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल घालत असत, कारण तसा गुण दुसऱ्या कशात मिळत नव्हता. देवमाशांना कायद्याचं संरक्षण मिळालं, ते तेल बंद झालं, आणि पर्याय शोधताना रसायनतज्ज्ञांची दमछाक झाली.

ऑइलचा लाल रंगही मुद्दाम घातलेला असतो. गाडीखाली डाग पडला तर तो इंजिनाचा की गिअरबॉक्सचा, हे ओळखू यावं म्हणून.

वड्याच्या कढईतलं तेल

नाक्यावरच्या वड्याच्या गाडीवर सकाळचं तेल पाहा आणि रात्रीचं पाहा. तेल तेच, पण काळं, दाट, उग्र. तापल्यामुळे आणि हवेमुळे त्याची मूळ रचनाच मोडलेली असते, ते गार केलं म्हणून पुन्हा सकाळचं होत नाही. गिअरबॉक्समध्येही असंच होतं. एकदा भाजलेलं ऑइल घरी पोहोचल्यावर थंड होतं, पण सुधारत नाही.

गिअरबॉक्सचं ऑइल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला खूश असतं. त्यापुढे एक जुना ढोबळ नियम गिअरबॉक्स उघडणारे लोक वापरतात: ८० अंशांपुढे दर ११ अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं. ८० अंशांना १,६०,००० किलोमीटर टिकणारं ऑइल ९१ अंशांना ८०,०००, १०२ ला ४०,०००, ११३ ला २०,०००. आजच्या सिंथेटिक ऑइलला हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, पण दिशा हीच. साधारण ११५ अंशांच्या पुढे ऑइलचा चिकट लेप वाल्व्हवर बसू लागतो, तो सुकून व्हार्निशसारखा होतो. १२५-१३० ला रबरी सील कडक होऊ लागतात. १४५ च्या आसपास क्लच प्लेटा घसरतात, घसरल्या की आणखी उष्णता, आणि मग ते थांबत नाही.

हे सगळं एका दिवसात घडत नाही. दहा घाट, पंधरा घाट, शंभर संध्याकाळी. म्हणूनच लक्षात येत नाही.

मग ऑइल थंड कुठे होतं?

रेडिएटरमध्ये. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सपासून दोन नळ्या निघून रेडिएटरच्या टाकीत जातात, आत एका वेगळ्या नळीतून ऑइल फिरतं आणि भोवतालचं कूलंट त्याची उष्णता घेतं. काही छोट्या गाड्यांत हाच प्रकार गिअरबॉक्सवर बसवलेल्या डबीएवढ्या कूलरमध्ये होतो. दोन्ही ठिकाणी अर्थ एकच: कूलंट गरम तर ऑइल गरम. गिअरबॉक्सची काळजी रेडिएटरपासून सुरू होते, आणि माझ्या मते आपण सर्वांत जास्त हलगर्जी इथेच करतो.

रेडिएटरमध्ये पाणी कमी झालं की आपण काय करतो? ढाब्यावरून बाटली भरून आणतो. बोअरच्या पाण्यातले क्षार आठवायचे असतील तर घरचा गिझरचा कॉइल आठवा. तसाच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो आणि पातळ थरसुद्धा उष्णता अडवतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या मुदतीला पूर्ण बदल. अडचणीत पाणी घालावं लागलंच तर परतल्यावर काढून टाकायचं.

दुसरी जागा रेडिएटरच्या पुढची. तिथे एसीचा कंडेन्सर असतो आणि दोघांच्या मधल्या फटीत धूळ, पानं, किडे, पावसाळ्यातला चिखल जमून गादी तयार होते. माझ्या गाडीची ही गादी मेकॅनिकने काढली तेव्हा त्यातून गुलमोहराच्या वाळक्या पाकळ्या निघाल्या. किती वर्षांच्या, कोण जाणे. कमी दाबाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुवायचं. जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्र्याच्या झालरी वाकतात आणि वाट कायमची बंद होते. रेडिएटरचा पंखा दोन्ही वेगांवर फिरतो का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावं.

जुन्या रेडिएटरचा एक धोका मात्र वेगळाच. आतली ऑइलची नळी गंजली किंवा तडकली तर कूलंट ऑइलमध्ये शिरतं. दोन्ही मिसळली की ऑइलची अक्षरशः सोलकढी होते: गुलाबी, दुधट, फेसाळ. क्लच प्लेटांवरचा कागदी थर पाणी शोषतो, फुगतो, सुटतो. असा गिअरबॉक्स नुसतं ऑइल बदलून सहसा वाचत नाही. दहा-बारा वर्षं झालेला मूळ रेडिएटर असेल, टाकीच्या कडेला पांढरट ओघळ दिसत असतील, तर फुटायची वाट न पाहता बदलावा. पावसाळ्यात बोनेटपर्यंत पाण्यातून गाडी गेली असेल तरी ऑइलचा रंग तपासायचाच, गिअरबॉक्सला हवा ये-जा करायला ठेवलेल्या भोकातून पाणी आत शिरू शकतं.

वेगळा कूलर लावून घ्यावा का? वारंवार घाट चढणाऱ्या, टपावर सामान घेऊन फिरणाऱ्या मोठ्या गाडीला लावावा. रेडिएटरच्या पुढे हवेवर चालणारा छोटा कूलर, आणि ऑइल आधी रेडिएटरमधून, मग त्याच्यातून, मग परत गिअरबॉक्समध्ये. रबरी नळी आणि क्लिप चांगल्या प्रतीची हवी, कारण तिथून नळी सुटली तर काही मिनिटांत सगळं ऑइल रस्त्यावर. शहरात फिरणाऱ्या छोट्या गाडीला आधी रेडिएटर स्वच्छ करा, त्यातच पुष्कळ फरक पडतो.

"पण कंपनीच म्हणते लाइफटाइम"

लाइफटाइम कोणाचं, हे विचारायला हवं. गाडीच्या अपेक्षित आयुष्याचा हिशेब करताना निर्मात्याच्या डोळ्यांसमोर दहा वर्षांनंतरचा चौथा मालक नसतो. झेडएफ ही जर्मन कंपनी कितीतरी महागड्या गाड्यांसाठी गिअरबॉक्स बनवते. त्यांतल्या अनेक गाड्यांच्या पुस्तकांत ऑइल बदलण्याचा उल्लेखही नसतो. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते.

शिवाय बहुतेक मॅन्युअलमध्ये खडतर वापराचा एक वेगळा तक्ता असतो: जास्त उष्णता, धूळ, डोंगराळ रस्ते, सतत थांबत-थांबत चालवणं. वाचताना वाटतं, हे वाळवंटातल्या लोकांसाठी असेल. पण हे पुण्या-मुंबईचं वर्णन आहे, नागपूरच्या मे महिन्याचं तर आहेच. त्या तक्त्यातली मुदत आपली. तो तक्ता नसेल तर जुन्या गाडीला मी ४०,००० किलोमीटरच्या पुढे जाऊ देणार नाही.

"जुन्या गाडीचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो"

हे इतक्या गॅरेजमध्ये ऐकलंय की ते खोटं म्हणून उडवून लावता येत नाही. त्यामागे खरं कारण आहे. प्लेटा पूर्ण झिजलेल्या गिअरबॉक्समध्ये त्यांचाच भुगा जुन्या ऑइलमध्ये तरंगत असतो आणि त्या खरखरीमुळे प्लेटा कशाबशा धरून राहतात. स्वच्छ ऑइल आलं की धरायला काही उरत नाही. शिवाय लोक ऑइल बदलायला येतात तेच मुळी गिअर घसरू लागल्यावर. मरायला टेकलेल्या माणसाला शेवटचं औषध दिलं आणि तो गेला, तर दोष औषधावर येतो.

म्हणून आधी गाडी ओळखा. डी (पुढे जायचा गिअर) टाकल्यावर गाडी ताबडतोब ओढ घेते का, की दोन-तीन सेकंद लागतात? गिअर बदलताना काटा उगाच वर उडतो का? हे काही नसेल तर जुन्या गाडीचंही ऑइल बिनधास्त बदला. फक्त मशीनच्या दाबाने सगळं एकदम धुऊन काढण्याच्या भरीस पडू नका, जागा धरून बसलेला गाळ सुटून बारीक वाटांत अडकू शकतो. साधा मार्ग बरा: खालचा बोल्ट काढून जितकं येईल तितकं काढायचं आणि तितकंच भरायचं.

यात एक गोम आहे. बोल्ट काढला तरी सगळं ऑइल येत नाही, बरंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. समजा एकूण सहा लिटर आहे आणि तीन निघालं. नवं तीन भरलं की निम्मं नवं. चार-पाचशे किलोमीटर चालवून पुन्हा तेच केलं की पाऊण नवं. तिसऱ्यांदा केलं की जवळजवळ अठ्ठ्याऐंशी टक्के. माझ्या गाडीतून पहिल्यांदा निघालेलं ऑइल गुळाच्या काकवीसारखं होतं, दुसऱ्यांदा चहाच्या रंगाचं, आणि तिसऱ्यांदा भांड्याचा तळ दिसत होता, कोकम सरबतासारखा. खालचं पॅन उघडलं तेव्हा आतल्या चुंबकांवर करडी, मलमासारखी मऊ पेस्ट होती. मेकॅनिकने ती बोटांत चोळून दाखवली: "ही चालते. टोचणारा तुकडा लागला असता तर वेगळं बोललो असतो." फिल्टर काढता येण्याजोगा असेल तर तो याच वेळी बदलतात.

कोणतं ऑइल, आणि लेव्हल कशी पाहायची

लाल दिसतं म्हणजे सगळं सारखं असं नाही. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला एसपी-थ्री लागतं, टोयोटाच्या एका पिढीला टाइप टी-फोर आणि नंतरच्यांना डब्ल्यूएस. सीव्हीटी गाड्यांत गिअरच नसतात, पोलादी पट्टा दोन कप्प्यांमध्ये (पुलींमध्ये) सरकतो, त्यांना सीव्हीटीचंच ऑइल हवं. साधं एटीएफ घातलं तर पट्टा घसरून कप्प्यांवर चरे पडतात. पुस्तकात लिहिलेलं नाव डब्यावर आहे का, हे भरण्याआधी स्वतः वाचा.

डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल पाहायची पट्टी, असेल तर पंधरा-वीस मिनिटं चालवून, सपाट जागी, बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून पी (पार्किंग) मध्ये पाहायचं. होंडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत मात्र इंजिन बंद करून मिनिटभरात पाहतात. पट्टी पांढऱ्या कापडावर टेकवा. लाल किंवा फिकट तपकिरी ठीक. काळं आणि करपलेल्या वासाचं असेल तर उशीर झालाय. डिपस्टिक नसेल तर लेव्हल ठरावीक तापमानाला खालच्या बोल्टमधून तपासावी लागते, ते काम जाणत्या माणसाचं. जास्त भरणंही वाईट: फिरणारे भाग ऑइलचा फेस करतात आणि फेसाने दाब धरत नाही.

घाटात हात कुठे, पाय कुठे

चढावर गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये सतत वर-खाली करत असेल तर ओडी (ओव्हरड्राइव्ह, सर्वांत वरचा गिअर) बंद करा किंवा २, एल, एस, जे असेल त्यात टाका. इंजिन जोरात वाजतंय म्हणून घाबरू नका. इंजिन वेगात फिरलं की ऑइलचा पंपही वेगात फिरतो, आणि दोन पंख्यांमधली घुसळण कमी होते. ताण जास्त असेल तर एसी बंद करा, कंडेन्सरची उष्णता थेट मागच्या रेडिएटरवर येते. उतारालाही खालचाच गिअर. उतारावर न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं कधीच नाही.

चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही, ब्रेकवर धरायची. हे एएमटीवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या मॅन्युअल गिअरबॉक्सचे गिअर यंत्र बदलतं त्यांनी, जास्त जपायचं. भारतात २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून सुरू झालेल्या या गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधा कोरडा क्लच असतो, फक्त क्लच दाबायचं काम यंत्र करतं. तिथे तापतो तो क्लच, आणि चढावर ॲक्सिलरेटरवर तोलली तर भाजला जातोच.

लांब कोंडीत दोन-तीन मिनिटं हलणार नसाल तर एन (न्यूट्रल) आणि हँडब्रेक. दर दहा सेकंदांनी एन-डी-एन करू नका. वर पोहोचल्यावर वास येत असेल तर गाडी सावलीत घ्या, पी मध्ये टाका आणि पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा, म्हणजे ऑइल कूलरमधून फिरत राहील. अपवाद एकच: इंजिनाचाही काटा लाल पट्ट्यात असेल तर इंजिन लगेच बंद.

आणि बंद पडलीच, तर टोचन लावून ओढू नका. गिअरबॉक्समधला पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाकं फिरली तर आतले भाग कोरडे फिरतात आणि काही किलोमीटरमध्ये गिअरबॉक्स जातो. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाणारी गाडी असेल तर पुढची चाकं उचलून, नाहीतर सरळ गाडीच ट्रकवर चढवून. दहा जण धक्का मारायला येतील, त्यांनाही थांबवा. ऑटोमॅटिक धक्क्याने सुरू होत नाही.

जोशीकाकूंच्या गाडीची पट्टी आम्ही गेल्या रविवारी काढली. कापडावर डाग तपकिरी पडला, वास नव्हता. येत्या शनिवारी पहिले तीन लिटर काढणार आहोत.